तुझ्या आवाजातलं ‘टेरिबली’

कुंदा,

परवा तुझ्या खुर्चीवर कुणीतरी फायलींचा गठ्ठा आणून ठेवला होता. मी तो उचलला आणि सरळ जमिनीवर आदळला. अकाउंट्समधला तो बारीक मिशीवाला धावत आला, ‘अगं, काय झालं?’ म्हणाला, आणि माझं तोंड बघून निमूटपणे कागद गोळा करून गेला. तू असतीस तर म्हणाली असतीस, ‘नीला, खुर्ची आहे ती, देव्हारा नाही.’ माहीत आहे मला. तरी आदळला. तुला जाऊन महिना होत आला आणि कुणावर चिडायचं ते मला अजून कळलेलं नाही, म्हणून हाताला लागेल त्याच्यावर चिडते आहे.

मॅनेजर साहेबांनी नोटीस बोर्डवर लावण्यासाठी तुझ्याबद्दल चार ओळी मागितल्या होत्या. ‘तुम्ही तिच्या जवळच्या, तुम्हीच लिहा.’ बसले लिहायला. जन्म कुठला, शिक्षण किती, नोकरीला कधी लागलीस, मागे कोण कोण. एकेक ओळ लिहिताना वाटत होतं, ही कोण बाई, हिला तर मी ओळखतच नाही. कागद चुरगाळून टाकला. अंधेरीतल्या एका पंख्यांच्या कारखान्यात आपण दोघी टेलिफोनच्या बोर्डवर शेजारी शेजारी बसत होतो आणि दिवसभर भांडत होतो, एवढंच मला ठाऊक आहे. तेच इथे लिहिते. हे कुठे लावायचं नाही.

पहिल्या दिवशी मी तुला ‘कुंदाताई’ म्हटलं होतं. तू बोर्डवरची नजरसुद्धा न काढता म्हणालीस, ‘ताई म्हणालीस तर हेडफोन काढून डोक्यात घालीन.’ मग एक दिवा लागला, तू त्याच्याखालचा खटका ओढलास आणि तुझ्या तोंडून एक वेगळीच बाई बोलायला लागली. मऊ, सावकाश, जरा हसरी. भांडुपच्या चाळीतली कुंदा कुठल्या कुठे गेली. ‘आय अ‍ॅम टेरिबली सॉरी, सर, ही इज नॉट अ‍ॅट हिज डेस्क.’ खटका वर गेला आणि ती बाईही गेली. ‘काय बघतेस?’ तू म्हणालीस. ‘तुला पण असंच बोलायचंय. असंच म्हणजे अस्संच.’

साहेबांची ती अटच होती. बोर्डवर कुणीही असो, बाहेरच्याला एकच आवाज ऐकू आला पाहिजे. कारखान्याचा आवाज, असं ते म्हणायचे. तुझा आवाज तरी तुझा कुठे होता म्हणा. तो तुझ्या आधीच्या मिस परेरांचा, आणि त्या ऑस्ट्रेलियाला गेल्या तेव्हा आवाज इथेच ठेवून गेल्या. ‘टेरिबली’ही त्यांचंच. मधल्या सुट्टीत, कॅन्टीनच्या मागच्या कट्ट्यावर तू मला ते शिकवलंस. ‘टे’वर जरा थांबायचं आणि ‘बली’ हळूच खाली ठेवायचं, झोपलेलं मूल ठेवतात तसं. ओठ हसरे ठेवायचे, कारण हसणं ऐकू येतं म्हणे. मी ते इतक्या वेळा म्हटलं की कॅन्टीनचा पोऱ्या मला बघून कप ठेवता ठेवता ‘सॉरी’ म्हणायला लागला.

पण मला तो शब्द पहिल्यापासून पटला नव्हता, हे तुला माहीतच आहे. आपलं भांडण तिथेच सुरू झालं.

‘टेरर म्हणजे भीती. टेरिबल म्हणजे भयंकर,’ मी म्हटलं होतं. ‘साहेब जागेवर नाहीत, यात भयंकर काय आहे?’

‘तू बी.ए. झालीस ना, म्हणून तुला असले प्रश्न पडतात.’

‘नुसतं सॉरी म्हणावं की.’

‘नुसतं सॉरी म्हटलं की माणूस भांडायला उभा राहतो. करून बघ.’

मी करून बघितलं. कोल्हापूरच्या एका दुकानदाराला नुसतं ‘सॉरी, नॉट अ‍ॅव्हेलेबल’ म्हटलं. त्याने माझा उद्धार केला तो हेडफोनमधून तुलाही ऐकू गेला असेल. तू माझा हात हलकेच बाजूला सारलास, लाईन घेतलीस, एकदाच ‘टेरिबली सॉरी’ म्हणालीस, आणि तोच माणूस तुला ‘बाई, जेवलात का?’ असं विचारायला लागला. तू माझ्याकडे बघून भुवया उडवल्यास. मला त्या वेळी तुझा भयंकर राग आला होता. बघ, भयंकर.

हेच तर तू पकडलं होतंस. मी डिक्शनरी घेऊन आले तो दिवस आठवतो? ‘भयंकर रीतीने, फार, अतिशय,’ असं मी मोठ्याने वाचून दाखवलं. तू म्हणालीस, ‘अतिशय लिहिलंय ना? मिटलं.’ मी म्हटलं, ‘आधी भयंकर लिहिलंय.’ तू डब्यातली भाकरी मोडत शांतपणे विचारलंस, ‘गेल्या होळीला मी तुझ्या घरी पुरणपोळी खाल्ली. तुझ्या आईला तू काय म्हणालीस? भयंकर मस्त झालीय. म्हणालीस की नाही? पोळीला घाबरली होतीस का?’

‘ते वेगळं.’

‘काय वेगळं?’

मराठीतही आपण तेच करतो, भयंकर गोड, भीषण सुंदर, सगळे भीतीचे शब्द धरून आणतो आणि गोड शब्दांच्या पुढे उभे करतो, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. मी हरले होते, पण मी कधी हरल्याचं कबूल केलंय का? मी वेगळाच मुद्दा काढला. म्हटलं, हा शब्द तू खोटं बोलताना वापरतेस. साहेब आत बसून भेळ खात असतात आणि तू ते जागेवर नाहीत म्हणून सांगतेस. खोट्याला इतकं सजवायचं कशाला?

‘खोटं साहेबांचं,’ तू म्हणालीस. ‘वाईट मात्र मला वाटतं. तो माणूस सकाळपासून ट्रंक कॉलची वाट बघत बसलेला असतो, गं. कॉल लागतो आणि इकडून मी म्हणते, साहेब नाहीत. त्याच्या जागी बसून बघ जरा.’

‘रोज एवढ्या लोकांसाठी हा शब्द खर्च करतेस. मग खरंच काहीतरी भयंकर झालं तर कुठला शब्द काढशील?’

तू काहीतरी बोलणार होतीस. तोंड उघडलं होतंस. तेवढ्यात सुट्टी संपल्याची घंटा झाली आणि आपण आत पळालो. नंतर मी विचारलंही नाही आणि तू सांगितलंही नाहीस. तू काय म्हणणार होतीस, कुंदा? हल्ली मी बोर्डवर बसले की दोन दिव्यांच्या मध्ये जो रिकामा वेळ असतो, त्यात फक्त हाच विचार करते.

हेडफोन काढला की तो शब्द तू बंद करायचीस, हे मात्र खरं. बाहेर तुला जाम वैताग यायचा, वाट लागायची, डोकं उठायचं. टेरिबली काही व्हायचं नाही. ‘तो हेडफोनचा शब्द,’ तू म्हणायचीस. घरी तर त्याहून वेगळीच. मी एकदा तुझ्या घरी आले होते, तर तू टेकडीवरच्या त्या चाळीच्या दारातून खाली नळावरच्या बायकांशी मालवणीत अशी काही बोलत होतीस की मला वाटलं भांडण लागलंय. भांडण नव्हतं, पाणी कधी येणार एवढीच चौकशी चालली होती.

आणि हेडफोनमधून तो शब्द ज्यांना रोज मिळायचा ते तुझे आबा.

संप झाला आणि आबांची गिरणी जी बंद पडली ती पडलीच. घर तुझ्यावर आलं. दिवसभर घरात बसून माणूस करणार काय? दुपारी ते खाली वाण्याच्या दुकानात जायचे आणि तिथल्या फोनवरून आपला नंबर फिरवायचे. खासगी फोनला बंदी, आणि साहेबांची काचेची केबिन आपल्या पाठीला लागून. मग तू काय करायचीस! अगदी गंभीर आवाजात, ‘गुड आफ्टरनून. आय अ‍ॅम टेरिबली सॉरी, सर, द लाईन इज एंगेज्ड.’ एवढंच. तिकडून आबा काही बोलायचे नाहीत. मागे पिठाच्या चक्कीची घरघर ऐकू यायची आणि मग फोन खाली. झाला बापलेकीचा संवाद. तू जेवायला गेलेली असलीस तर तो फोन मी घ्यायची, आणि मीही तसंच म्हणायची. ‘अख्ख्या भांडुपमध्ये माझ्या बापाला सर म्हणणारी मी एकटीच,’ तू हसून सांगायचीस. ‘त्यांना इंग्लिश येत नाही, पण मुलगी बोलते ते ऐकायला आवडतं.’

मी तुला तेव्हा सांगितलं नाही, पण त्या फोनची मलाही सवय झाली होती. माझ्या बाबांनी मला कधी असा फोन केला नाही. मुलुंडला आमच्या घरात सगळेच शिकलेले, सगळेच कामात. मला तुझा हेवा वाटायचा.

शेवटच्या दिवशी तू लवकर निघालीस. डोकं दुखत होतं. हेडफोन काढून खुंटीला अडकवलास, पर्स खांद्याला लावलीस आणि दारात थांबून म्हणालीस, ‘बोर्ड बघ गं. मी टेरिबली दमलेय आज.’

हेडफोन नव्हता. तरी तू तो शब्द म्हणालीस. मी म्हटलं, ‘मला गिऱ्हाईक समजलीस काय?’ तू हसलीस, मीही हसले. आपलं ते शेवटचं. रात्रीत तुझ्या डोक्यातली शीर फुटली. डॉक्टर म्हणाले, आधी कुणालाच कळलं नसतं. मलाही ते पटतं, मी स्वतःला दोष देत बसलेली नाही. पण तो शब्द मला सोडत नाही. सवयीने तोंडात आला होता की या वेळी तू त्या पहिल्या, भयंकर अर्थाचं वजन घालून तो म्हणाली होतीस? ‘टे’वर तू थांबली होतीस का? मी डोळे मिटून पुन्हा पुन्हा ऐकते. कधी वाटतं थांबली होतीस, कधी वाटतं नाही.

तुझ्या घरी आम्ही सगळे ऑफिसातले आलो होतो. चाळीतली माणसं, तुमच्या गावाकडची माणसं, दाराबाहेर चपलांचा ढीग. आबा भिंतीला टेकून बसले होते. साहेब त्यांच्यासमोर वाकले आणि म्हणाले, ‘आय अ‍ॅम टेरिबली सॉरी.’ त्यांनाही दुसरं काही सुचलं नसेल. तोवर आबा कुणाकडेच बघत नव्हते. तो शब्द ऐकला आणि त्यांनी मान वर केली. साहेबांकडे बघितलं. मग त्यांच्या मागे उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

मग मी बोर्डवर एकटी. साहेब म्हणाले, ‘बाहेर कुणाला मुद्दाम सांगत बसू नका. कामात खंड पडायला नको. आवाज तोच आहे ना.’ त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण सकाळी पहिला दिवा लागला, मी खटका ओढला, ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं आणि शेजारच्या खुर्चीकडे वळून बघितलं. ते तू म्हणाली होतीस. आजवर तू शेजारी बसलेली असायचीस, म्हणून मला ते कधी कळलंच नव्हतं. दोन सारखे आवाज शेजारी शेजारी असले की त्यात काही वाटत नाही. एक गेला की उरलेला कुणाचा, हे कोण सांगणार?

नागपूरचे ते डीलर, तुला नेहमी ‘कुंदाबाई’ म्हणणारे, त्यांचा फोन आला. ‘काय कुंदाबाई, आज आवाज जरा उतरलाय?’

‘मी नीला बोलतेय. कुंदा गेली.’

‘गेली? कुठे गेली? नोकरी सोडली?’

‘वारली.’

ते हसले. ‘असली थट्टा बरी नाही हं कुंदाबाई.’

माझ्या तोंडातून आपोआप आलं, ‘आय अ‍ॅम टेरिबली सॉरी, सर.’ ‘टे’वर थांबून, ‘बली’ खाली ठेवून, सगळं तू शिकवल्यासारखं. मग त्यांनी हळूच विचारलं, ‘तुम्ही नक्की कोण बोलताय?’ तुझ्याच आवाजात मी तुझं मरण सांगत होते, कुंदा. डिक्शनरीतला पहिला अर्थ मला त्या दिवशी समजला. त्या शब्दात भीती कुठे आहे म्हणून मी तुझ्याशी एवढा वाद घालत होते, ती तिथेच होती, आपण तिच्यावर मऊ बोलणं पसरून ठेवलं होतं.

घरीसुद्धा सुटका नाही. बाबांकडे कुणीतरी आलं होतं, मी दारातच ‘नाही हो, ते घरी नाहीत, सॉरी’ म्हणून सांगितलं. आतून आईने विचारलं, ‘कुंदा आली का गं?’ आणि मग तिचं तिलाच कळलं. ती पदराला हात पुसत बाहेर आली, माझ्याकडे बघत राहिली आणि पुन्हा आत गेली. त्या दिवशी मी घरात कुणाशी बोललेच नाही. काय करणार, तोंड उघडलं की तू यायचीस.

आणि मग दुपारचा तो फोन.

तुझे दिवस झाल्यावर पहिल्यांदा आला. मी नेहमीसारखं ‘गुड आफ्टरनून’ म्हटलं. तिकडून शब्द नाही. नुसती चक्कीची घरघर. साहेब काचेपलीकडे होते. मी म्हटलं, ‘आय अ‍ॅम टेरिबली सॉरी, सर, द लाईन इज एंगेज्ड.’ जरा वेळ घरघर, मग फोन खाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

मला काय काय वाटलं सांगू? आबांच्या डोक्यावर परिणाम झाला असेल असं वाटलं. तू गेलीस हे त्यांना कळलंच नसेल, तू ऑफिसात आहेस असं समजून ते रोज खाली उतरत असतील असं वाटलं. मग मी हे काय करते आहे? एका म्हाताऱ्या माणसाला त्याची मेलेली मुलगी रोज दुपारी फोनवर देते आहे. हे पाप की पुण्य? फोन न घ्यावा तर दिवा लुकलुकत राहतो. घ्यावा तर तू बोलतेस. विचारावं तर कुणाला? असली गोष्ट मी फक्त तुलाच विचारली असती.

शेवटी एका दुपारी मी ठरवलं. खटका ओढला आणि साध्या माझ्या आवाजात म्हटलं, ‘हॅलो, लाईन बिझी आहे.’ माझा आवाज तुला आठवतो ना, जरा घोगरा, घाईघाईचा. तिकडे चक्की चालू होती. मग फोन खाली ठेवला गेला, अगदी हळू. ‘सुटले,’ मी स्वतःशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. त्याच्या दुसऱ्याही दिवशी नाही. आणि मी, कुंदा, मीच त्या दिव्याकडे बघत बसायला लागले. जेवायला उठवेना. मला वाटलं, आता तू खरोखर गेलीस, आणि तुला मी घालवलं. आबा आजारी पडले असतील का? घसरून पडले असतील का? भांडुपला जाऊन यावं तर त्यांच्यासमोर बोलायचं कुठल्या आवाजात, तेच ठरेना. पुन्हा फोन आला तर तुझा आवाज द्यायचा की माझा, यावर मी घरी जाताना रोज वाद घालायची. दोन्ही बाजूंनी मीच. तू सोबत नसलीस की भांडणातसुद्धा मजा नाही.

काल तो आला. दिवा लागला तेव्हाच मला कळलं. मी खटका ओढला. कुठला आवाज काढायचा ते अजूनही ठरलं नव्हतं, म्हणून मी काहीच बोलले नाही. तिकडे चक्की बंद होती, कुणीतरी गूळ फोडत होतं.

‘नीला मां तू?’ आबा म्हणाले.

फोनवर मी त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

‘हो, आबा.’

‘घाबरू नको गो बाय. माझा डोक्या फिरलेला नाय. तू आसस ह्या माका म्हायत असा.’

मी रडायला लागले. केबिनमधून साहेबांनी मान वर केली. मी त्यांच्याकडे पाठ केली.

‘त्या दिसाक तू वेगळा बोललंस,’ आबा म्हणाले. ‘माका वाटला, चेडू कंटाळला. म्हणान मगे फोन केलंय नाय.’

‘कंटाळले नव्हते. मला वाटलं, तुम्हाला वाटत असेल की...’

‘कुंदा घरात अशी खय बोलायची? घरात मोठ्यान बोलायची, आमच्या भाशेत. तो आवाज गेलो. माझ्या हातात गेलो, मी बघलंय. हापिसातलो मात्र उरलो. तुझ्याकडे असा तो. एवढोच आयकतंय मी. तुका चलात मां?’

‘चालेल, आबा.’

‘साहेब रागावतलो?’

‘रागावू देत.’

ते जरा हसले, असं मला वाटलं. मग म्हणाले, ‘एक इचारू? ता टेरिबली म्हणजे काय गो? कुंदान सांगल्यान होता, टेरिबली म्हणजे काळजातसून. एखाद्याचा काम होवक नाय, तर काळजातसून वाईट वाटता, असा सांगूचा. खरा मां ता? तू शिकलेली आसस, म्हणान इचारतंय.’

मला त्याचा अर्थ तू कधी असा सांगितला नव्हतास. सांगितला असतास तर मी त्यावरही वाद घातला असता. डिक्शनरीत कुठे लिहिलंय म्हणून विचारलं असतं. बोर्डवर दुसरा दिवा लागला, तिसरा लागला, साहेब खुर्चीतून उठले. मी एकही खटका ओढला नाही.

‘खरं आहे, आबा,’ मी म्हटलं. ‘तोच अर्थ.’

‘मगे एकदा म्हण.’

मी तुझा आवाज लावायचा प्रयत्न केला, कुंदा. ओठ हसरे ठेवायचा प्रयत्न केला. पण जे निघालं ते घोगरं, घाईचं, माझंच होतं.

‘टेरिबली,’ मी म्हटलं.

पुढे सॉरी म्हणायचं होतं. ते काही तोंडातून आलं नाही.

‘आयकलंय, बाय,’ आबा म्हणाले.